गुळाचा कोपरा

स्लॅब टाकायच्या दिवशी सगळी धमाल वर असते. मिक्सर घरघरतो, घमेली हातोहात चढतात, कुणी ओरडतं, कुणी गातं, आणि ज्याचं काम असेल तो नारळ फोडून मोठेपणा मिरवून घेतो. ओल्या स्लॅबला टेकू लावणारा सेंट्रिंगवाला मात्र खाली असतो. टेकूच्या बल्ल्यांच्या दाटीत, अर्धवट उजेडात, हातोडी आणि लाकडी पाचरांची पिशवी घेऊन तो एकटा हिंडतो आणि वरचं ओझं कुठल्या बल्लीवर किती उतरतंय ते कान देऊन ऐकतो. स्लॅब चांगला झाला तर कौतुक वरच्या गवंड्याचं. बिघडला तर पहिलं नाव खालच्याचं निघतं. ही जगाची रीत आहे आणि तिच्यावर रुसून काही मिळत नाही.

सावरतांड्याच्या सभामंडपाचा स्लॅब टाकला त्या दिवशी खाली मोतीबाई होती.

कळंबहून बाभुळगावकडे जाताना आत वळलं की बंजाऱ्यांचा हा तांडा लागतो. त्या वर्षांत कपाशीचं काही खरं राहिलं नव्हतं. बोंडं भरायच्या वेळेला पानं लाल पडायची आणि शेत उभ्याउभ्या वाळून जायचं. बियाणं बदलून झालं, फवारे बदलून झाले, देवाशी भांडूनही झालं. मग तांड्यातली निम्मी माणसं सकाळी काळी-पिवळी जीपमध्ये कोंबून कळंबला बांधकामावर जायला लागली. मोतीबाई त्यांच्यात होती. जफर मिस्त्रीच्या हाताखाली तिनं घमेली वाहिली, विटा वाहिल्या, स्लॅबखालच्या पत्र्याच्या प्लेटांना तेल लावलं, आणि येताजाता बल्ल्यांवर बोटाच्या पेरांनी ठोकून पाहायची खोड स्वतःला लावून घेतली.

जफर जुना माणूस. त्याच्या सेंट्रिंगचा एकही स्लॅब कधी बसला नव्हता आणि तोंडातून स्तुतीचा शब्दही सहसा निघाला नव्हता. एकदा ही बाई एका बल्लीपाशी अडून बसली. "जफरभाई, हे बल्ली रिकामी हाय. ओझं शेजारची घेऊन राह्यली." जफरनं ठोकून पाहिलं. ओझं घेतलेली बल्ली टणक बोलते, रिकामी बोदं बोलते, पण तो फरक कळायला लोकांची वर्षं जातात. त्यानं पाचर मारली, पुन्हा ठोकलं आणि दुसऱ्या दिवसापासून मोतीबाईच्या हातात घमेल्याऐवजी हातोडी दिली. बाकीचे गडी हसले. बाईनं घमेलं उचलावं, हातोडी कशाला, असा साधा सरळ हिशेब होता. जफर म्हणाला, "हिच्या कानाएवढे कान तुमच्यात कोणाचे असन त या इकडं." कुणी आलं नाही.

तर सेवालाल महाराजांच्या जयंतीच्या आत मंदिरासमोर पक्का सभामंडप उभा करायचं तांड्यानं ठरवलं. ज्याला जे जमेल ते त्यानं दिलं, ज्याला काहीच जमत नव्हतं त्यानं अंगमेहनत दिली. जफरनं प्लेटा आणि बल्ल्या देऊ केल्या. सेंट्रिंगला माणूस कोण पाठवता, असं विचारल्यावर तो म्हणाला, "तुमच्या तांड्यात मिस्त्री हाय नं. मले काहून विचारता?"

पंच एकमेकांकडे पाहू लागले. मोतीबाईकडे कुणीच पाहिलं नाही.

"बाई?" सेवादास म्हणाला. सेवादास तांड्याच्या नायकाचा, म्हणजे प्रमुखाचा, पुतण्या. यवतमाळला ठेकेदाराकडे काही दिवस काढून आला होता, त्यामुळे बांधकामातलं सगळं आपल्यालाच कळतं असं त्याचं मत होतं आणि ते तो फुकटात वाटायचा.

"लावू द्या," कोपऱ्यातून धनसिंग म्हणाला. धनसिंग तांड्याचा कारभारी. पंचायतीत त्याचा शब्द खाली पडत नसे. आणि तो मोतीबाईचा सासरा. विषय तिथेच मिटला. पण सगळ्यांना ठाऊक होतं, हा स्लॅब नीट उतरला तर मोतीबाई मिस्त्री. नाही तर जन्मभर घमेलं.

या सासऱ्या-सुनेची एक गंमत सांगायला हवी. तांड्याच्या जुन्या रीतीनं सून सासऱ्यासमोर घुंगटा ओढते आणि त्याच्याशी तोंडाला तोंड देऊन बोलत नाही. सासू होती तोवर निरोप तिच्यामार्फत जात. ती गेल्यावर नवरा सुनील मध्ये असायचा, आणि सुनील ट्रॅक्टरवर गेला की मग म्हैस. "म्हशे, बापूले सांग, भाकर वाढली," असं मोतीबाई म्हणायची, आणि धनसिंग म्हशीलाच उत्तर द्यायचा, "आलो म्हणा." म्हैस बिचारी रवंथ करत दोघांचं ऐकून घ्यायची. इतक्या वर्षांत तिनं एकही निरोप चुकवला नव्हता.

मोतीबाईनं सेंट्रिंग कसं लावलं ते पाहायला तांड्यातली पोरंसोरं रोज जमत. आधी तिनं जमीन चोपून घट्ट केली आणि प्रत्येक बल्लीच्या पायाखाली फळीचा तुकडा घातला, कारण काळ्या मातीवर तिचा शेतकरणीचा विश्वास नव्हता. पारदर्शक नळीत पाणी भरून चारी बाजूंनी लेव्हल घेतली. ओळंबा सोडून बल्ल्या सरळ केल्या. एकमेकींना आडव्या बांधल्या. बीमच्या कुशीला तिरपे टेकू दिले. प्लेटांचे सांधे असे बसवले की त्यांतून सिमेंटचा रस गळू नये. कुठे केसाएवढी फट दिसली तर तिथे पट्टी दाबली. शेवटी एकेक बल्ली ठोकत ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि एखादी मनासारखी बोलली नाही की तिथेच उकिडवी बसून पाचर मारत राहिली. पाहणाऱ्याचं भान हरपावं असं ते काम होतं. वर अजून काहीच नव्हतं, सगळा स्लॅब तिच्या डोक्यात होता, आणि तो पेलायची तयारी ती जमिनीपासून करत होती.

आदल्या दिवशी जफर येऊन सगळं फिरून पाहून गेला. चार बल्ल्या ठोकल्या, काही बोलला नाही, चहा प्यायला आणि गेला. त्याचं न बोलणं म्हणजेच शाबासकी. तो बोलायला लागला की समजावं, काहीतरी पुन्हा खोलावं लागणार.

स्लॅबच्या दिवशी सकाळीच मिक्सर सुरू झाला. धनसिंगकडे जेवणाचं काम होतं. त्यानं मिक्सरच्या पाण्याच्या ड्रमशेजारीच चूल मांडली आणि लापशीसाठी मोठ्या हंड्यात गूळ भिजत घातला. मोतीबाई खाली शिरली ती दिवस कलल्यावरच बाहेर आली. वर काय चाललंय ते तिला दिसत नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं. मधल्या भागात घमेली भराभर रिकामी व्हायला लागली तशी एक बल्ली करकरली. "एका जागी ढीग नोको घालू!" ती खालून ओरडली. "पसरव आधी!" वर सुनील व्हायब्रेटर धरून होता, त्यानं माल पसरवला. तिनं पाचरेवर दोन ठोके दिले, बल्ली ठोकून पाहिली, ती टणक बोलली. दिवसभर असंच. इकडे ऐक, तिकडे ठोक, पाठ वाकलेली, केसांवर सिमेंटचे शिंतोडे. शेवटचा ईशान्येचा कोपरा भरला आणि मिक्सर थांबला तेव्हा कानात एकदम शांतता झाली आणि मोतीबाई मटकन खाली बसली. तिला हसू येत होतं. अख्खा स्लॅब तिच्या बल्ल्यांवर निजला होता आणि एकही बल्ली कुरकुरत नव्हती.

जेवणाच्या पंगतीत लापशी मात्र सपक लागली. "कारभारी," सेवादास म्हणाला, "लापशीले गूळ नुसता दाखवला का?" लोक हसले. धनसिंग हसला नाही की चिडला नाही. तो वर स्लॅबकडे पाहत होता आणि त्याचा चेहरा मोठा समाधानी दिसत होता.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मोतीबाई आणि सुनील पाणी भरायला मातीची आळी करायला वर चढले. स्लॅब छान आवळला होता. चालत चालत ती ईशान्येच्या कोपऱ्यात गेली आणि तिचा पाय रुतला.

तिनं पाय काढला, वाकून बोट टेकवलं. बोट पेरभर आत गेलं. बाकी सगळा स्लॅब कडक आणि हा एवढा कोपरा मळलेल्या कणकेसारखा. 

बातमी तांड्यात पसरायला वेळ लागत नाही. सेवादास शिडी चढून आला, बोट घालून पाहिलं आणि खाली उतरून निकाल देऊन टाकला. "रस गळला. सांधे ढिले राह्यले असन. सिमिटाचा रस गेला की राहते काय? रेती." मग थोडं थांबून, अगदी सहज, "सेंट्रिंग कोणाची होती?"

 मोतीबाई सरळ खाली शिरली आणि त्या कोपऱ्याखाली गेली. रस गळला तर प्लेटांच्या सांध्यांवर ओघळ दिसतात, जमिनीवर राखाडी डाग पडतात. तिनं सांधान् सांधा हात फिरवून पाहिला. कोरडा. जमीन कोरडी. एक थेंब गळला नव्हता. सेंट्रिंग चोख होतं. मग कोपऱ्याला झालं काय?

ती बाहेर आली आणि मिक्सर उभा होता तिथे जाऊन उभी राहिली. काय शोधायचं ते तिलाही माहीत नव्हतं. तेवढ्यात मुंग्या दिसल्या. काळ्या मुंग्यांची जाड रांग लापशीच्या कढईजवळून निघाली होती, पण कढईकडे ढुंकूनही न पाहता पुढे जाऊन मिक्सरच्या पाण्याच्या ड्रमवर चढत होती. ड्रमच्या तळाला थोडं पाणी उरलं होतं. मोतीबाईनं त्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

गोड होतं.

ती घरी आली. धनसिंग अंगणात दोर वळत बसला होता. सुनील स्लॅबवर, म्हैस चरायला गेलेली. मध्ये निरोप न्यायला कुणीच नव्हतं. मोतीबाईनं घुंगटा पुढे ओढला आणि लग्नानंतर पहिल्यांदा सासऱ्याला थेट विचारलं.

"बापू, ड्रममंदी गूळ कोनं टाकला?"

दोर वळणारे हात थांबले. 

"मी."

"काहून?"

"माह्या आज्यानं बैलावर गूळ वाह्यला," तो हळूहळू सांगू लागला. "गढी बांधून राह्यले होते तवा. चुन्यात गूळ घालत, हिरडा घालत, अन् घोटत. तो चुना दगडावानी होत जाय. ती गढी आखीन उभी हाय. म्हणलं, सिमिट म्हंजे चुन्याचंच पोर नं." तो थांबला. "सकाळपासून हंडा पाहून राह्यलो होतो. हिंमत होत नव्हती. शेवटच्या कोपऱ्याले मिक्सरवाला पाणी प्याले गेला, तवा बादलीभर वतलं. तुहा पयला स्लॅब. म्हणलं, तुह्या मांगंही उभा राहावा. गढीवानी."

मोतीबाईला आधी इतका राग आला की हातातली हातोडी अंगणात भिरकावून द्यावी असं वाटलं. तिची महिन्याची मेहनत, एकेक सांधा, एकेक पाचर, आणि या म्हाताऱ्यानं लापशीच्या गुळानं सगळं मातीत घातलं! आणि मग त्या रागातच तिला रडू फुटलं, कारण या माणसानं तिच्यासाठी एवढं कधी काही चिंतलं असेल, असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तांड्यातल्या सगळ्यांनी तिचा स्लॅब टिकतो का ते पाहायचं ठरवलं होतं. तो जन्मोजन्म टिकावा म्हणून धडपडलेला हा एकटाच निघाला.

"कोनाले सांगू नोका," ती म्हणाली. पंचायतीत दुसऱ्यांच्या चुकांचा निवाडा करणारा कारभारी, त्यानं देवाच्या स्लॅबमध्ये लापशीचं पाणी ओतलं हे कळलं तर लोक तो मरेपर्यंत हसतील. तिला ते सहन झालं नसतं. धनसिंगनं दोर बाजूला ठेवला. मान खाली घालून तसाच बसून राहिला.

दुपारी जफर आला. त्यानं कोपरा दाबून पाहिला, खालचे सांधे पाहिले आणि मोतीबाईकडे पाहिलं. तिनं बाजूला नेऊन, कुणाला न सांगायची शपथ घालून, खरं काय ते सांगितलं. जफर आधी हसला, तोंडावर रुमाल दाबून हसला, मग बल्लीला टेकून बसला आणि गंभीर झाला.

"मोतीबाई, सिमिटले गोड चालत नाही. गोड खाल्लं की ते झोपून जाते. माहे उस्ताद सांगत, थोडं खाल्लं असन त उशिरा उठते अन् मंग मजबूतच होते. लय खाल्लं असन त उठतच नाही."

"याले किती झालं?"

"ते अल्लाले माहीत अन् तुह्या सासऱ्याले." त्यानं डोकं खाजवलं. "मी सोता कधी पाह्यलं नाही, ऐकेल हाय. दोनच रस्ते हाय. आज नरम हाय तोवर उपसून काढ अन् नवा माल भर. नाही त वाट पाह्य. वाट पाहून उठलं नाही त घनानं फोडा लागन. सेंट्रिंग तुही हाय. तू सांग, काय कराचं."

उपसायचं म्हणजे बीमच्या तोंडाशी सळया हलणार, त्या जागी जोड राहणार आणि आयुष्यभर तिथून पाणी झिरपणार. आणि का उपसलं, हेही सगळ्यांना सांगावं लागणार. मोतीबाई कोपऱ्याखालची बल्ली धरून उभी होती. तिनं नकळत ती ठोकली. बल्ली टणक बोलली.

"उपसाचं नाही," ती म्हणाली. "वरचं झोपलं असन त झोपू द्या. खालून मी धरून हाय नं. ते उठेपावतर माही एक बल्ली हलणार नाही."

जफरनं तिच्याकडे क्षणभर नीट पाहिलं. त्या प्लेटा त्याला बाभुळगावच्या कामावर न्यायच्या होत्या, हे तिलाही माहीत होतं. "राहू दे मंग," तो उठत म्हणाला. "बाभुळगावचं मी पाहून घेतो."

मग सुरू झालं थांबणं. सेंट्रिंगच्या धंद्यात सगळ्यात अवघड काम हेच, कारण त्यात हाताला काही करायचं नसतं. मोतीबाई रोज सकाळी वर चढायची आणि कोपऱ्यात खिळा टोचायची. खिळा सुळकन आत जायचा. बाकीच्या स्लॅबवर पोरं उड्या मारायला लागली तरी इथे खिळा आत जायचाच. कोपऱ्यावर तिनं ओलं बारदान अंथरलं होतं आणि ते सुकू द्यायचं नव्हतं. दोनतीन दिवसांनी तिच्या लक्षात आलं की ती वर पोचायच्या आतच बारदान भिजलेलं असतं. एकदा ती लवकर गेली तर धनसिंग पाण्याचा पितळी गुंड खांद्यावर घेऊन शिडी उतरत होता. या वयात, थंडीत, एका हातानं शिडी धरून. दोघं समोरासमोर आले, तिनं घुंगटा ओढला, त्यानं नजर वळवली आणि निघून गेला.

हातपंपावर बायका बोलायच्या. रुपीबाई तर तोंडावर म्हणाली, "गड्याचं काम गड्यानंच कराव वं. आता जयंतीले काय फुटक्या स्लॅबाखाली बसाचं?" सेवादास चावडीवर बसून रस कसा गळतो याचं व्याख्यान द्यायचा. मोतीबाईच्या ओठावर कितीदा शब्द आले आणि तिनं ते कितीदा गिळले. एक वाक्य बोलली असती तर सुटली असती. पण त्या वाक्यात धनसिंगचं नाव होतं. म्हणून ती खाली मान घालून पाणी भरायची आणि घरी येऊन भाकरीच्या पिठावर राग काढायची. असल्या बाईला काय म्हणावं? वेडी म्हणायला जीभ रेटत नाही.

हळूहळू खिळा आत जायचा कमी झाला. मग नुसता रुतायला लागला, साबणात रुततो तसा. मग एका सकाळी टोक घसरलं आणि वर फक्त पांढरी रेघ उठली. मोतीबाईनं पुन्हा टोचलं. पुन्हा रेघच. ती त्या बारदानावर बसून एकटीच कितीतरी वेळ हसत राहिली. तरी घाई केली नाही. जयंती अगदी तोंडावर येईपर्यंत तिनं बल्ल्या तशाच ठेवल्या.

खोलायच्या दिवशी सगळा तांडा जमला. जफरही आला आणि हाताची घडी घालून बाजूला उभा राहिला. जो सेंट्रिंग लावतो तोच खोलतो, हा धंद्यातला कायदा आहे, त्यात उस्तादही हात घालत नाही. मोतीबाईनं पदर खोचला, हातोडी उचलली, तेवढ्यात सेवादास पुढे आला.

"थांब. पंचहो, माहं ऐका. जयंती होऊ द्या बल्ल्यांवरच, झालर लावून झाकून टाकू. मंग यवतमाळचा मिस्त्री आणू अन् त्याच्या हातानं खोलू. बाईची सेंट्रिंग गळली, हे सगळ्या तांड्यानं पाह्यलं. वरून कोणाच्या अंगावर पडला त कोन जबाबदार?"

माना हलायला लागल्या. नायकानंही हलवली. मोतीबाईनं जफरकडे पाहिलं. जफरचं तोंड लाल झालं होतं, पण तिनं त्याला शपथ घातली होती. तिनं हातोडी खाली ठेवली. झालं तर मग, तिला वाटलं, घमेलं तर घमेलं.

"सेंट्रिंग गळली नाही."

धनसिंग उभा राहिला होता. पंचांच्या मध्ये बसायची त्याची जागा सोडून तो पुढे आला, बोलायला आरोपी उभा राहतो त्या जागी येऊन थांबला, आणि त्यानं डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं.

"त्या कोपऱ्यात म्या गूळ टाकला," तो म्हणाला. "लापशीचा. मले वाटलं, मजबूत होईन. माह्यामुळं तो नरम राह्यला. माह्या सुनेले माहीत होतं. तुमी इतके दिवस तिले बोलले, तिनं ऐकून घेतलं, पण माहं नाव नाही सांगतलं. अन् मी कारभारी, मी गुपचूप बसलो. आता ज्याले हासाचं असन त्यानं मले हासा. ज्याले बोलाचं असन त्यानं मले बोला."

कुणीही हसलं नाही. रुपीबाईनं पदर तोंडाला लावला. मोतीबाईला समोरचं काही दिसेना, डोळे इतके भरून आले होते.

पहिला सावरला तो सेवादासच. "गूळ? मंग त आजिबात खोलाचं नाही! गुळाच्या स्लॅबाखाली कोन जाईन?"

"मी जाईन," मोतीबाई म्हणाली. तिनं डोळे पुसले आणि हातोडी उचलली. "सगळे मांगं व्हा. त्या झाडापाशी. पोट्ट्यायले धरून ठेवा."

लोक मागे सरकले. धनसिंग सरकला नाही. पागोटं खांद्यावर टाकून तो तिच्या मागोमाग आत यायला निघाला. त्याचा इरादा स्पष्ट होता. पडलाच तर दोघांवर पडावा. मोतीबाई वळली.

"बापू, भायेर व्हा."

अख्ख्या तांड्यादेखत. सून सासऱ्याला, कारभाऱ्याला.  धनसिंग जागच्या जागी थांबला, आणि मुकाट्यानं बाहेर गेला.

मग ती कामाला लागली आणि तिला बाकी कशाचं भान राहिलं नाही. सुरुवात मधोमध. एका बल्लीची पाचर थोडी ढिली केली, थांबली, ऐकलं. काही नाही. बल्ली काढली, आडवी निजवली. मग तिच्या बाजूची. मधून कडेकडे, कडेकडे, एका वेळी एक, घाई नाही, आवाज नाही. स्लॅबला आपला भार स्वतः उचलायला ती शिकवत होती. प्लेटा सुटून तिच्या हातात येत होत्या आणि वर गुळगुळीत राखाडी छत उघडं पडत होतं. बाहेर जफर एकटक पाहत होता. त्याला कुणी काही विचारलं तर त्यानं हातानंच गप्प केलं.

शेवटी कोपरा राहिला. तिथे गेल्यावर मोतीबाई थांबली. तिनं बल्ली ठोकली. बल्ली बोदं बोलली, रिकामी असल्यासारखी. तिनं पुन्हा ठोकलं. पुन्हा बोदं. म्हणजे हिच्यावर आता ओझंच नव्हतं. वरचं उठलं होतं. कधी उठलं कुणास ठाऊक, पण ते स्वतःच्या पायावर उभं होतं.

तिनं पाचर मारून काढली. बल्ली सुटली. प्लेट सुटली. कोपरा जरा काळसर होता, बाकी काही नाही. तिनं हातोडीनं छताला ठोकलं, आधी मधल्या भागाला, मग कोपऱ्याला. आवाज एकच आला.

ती बाहेर आली तेव्हा आधी जफरच आत गेला. मान वर करून फिरला, कोपऱ्यात उभा राहिला, बाहेर आला आणि काही बोलला नाही. मग लोंढाच आत घुसला. पोरं ओरडून आवाज घुमवून पाहू लागली, बायका छताला हात पुरतो का पाहू लागल्या, सेवादाससुद्धा कोपऱ्याखाली जाऊन जाणकारासारखा मान डोलावू लागला. नायकानं नारळ मागवला.

धनसिंग मात्र झाडापाशीच उभा होता. मोतीबाईनं पाहिलं. सगळे आत आणि तो एकटा उन्हात, पागोटं खांद्यावर, कुणीतरी उभं करून ठेवल्यासारखा. ती त्याच्याजवळ गेली. निरोप कुणामार्फत धाडावा, असं काही या वेळी तिच्या मनात आलं नाही.

"बापू, आत या नं. सगळे गेले."

"मिस्त्रीनं मले भायेर व्हाले सांगतलं होतं," धनसिंग म्हणाला, तिच्याकडे पाहून, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "मिस्त्री म्हणन तवा येईन."

 आणि तो तसाच उन्हात थांबून राहिला.

"या," ती म्हणाली. "आता या."